मोनिकाची गाडी ढकलता येत नाही

आमच्या गल्लीत गाडी लावायची एक रीत आहे. ती आधी सांगते, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही.

नगरला पाईपलाईन रोडच्या मागे आमची कॉलनी. प्लॉट पडले तेव्हा लोकांकडे फार तर स्कूटर होत्या, आणि गल्लीची रुंदीही कुणीतरी स्कूटर डोळ्यासमोर ठेवूनच काढली असावी. पुढे पोर्चमध्ये कुणी भाडेकरूसाठी खोली बांधली, कुणी पिठाची गिरणी टाकली, आणि मग घरोघरी गाड्या आल्या त्या रस्त्यावरच राहिल्या. गल्ली एका टोकाला बंद आहे. गाड्या भिंतीला खेटून एकामागे एक उभ्या राहतात, बाजूने जेमतेम मोटारसायकल जाते. आतल्याला निघायचं तर बाहेरच्या सगळ्यांनी हलायला हवं. म्हणून रीत अशी की गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा नाही. ज्याला जायचं असेल तो, आणि आसपास जो कुणी तोंडात ब्रश घालून उभा असेल तो, असे मिळून बाहेरच्या गाड्या ढकलत गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीपाशी नेतात. तिथे जागा रुंद आहे. घंटागाडी वळते म्हणून तिथे कायमचं कुणी उभं राहायचं नाही, पण दोन मिनिटं चालतं. हा निघून गेला की बाकीच्या गाड्या पुन्हा आत ढकलायच्या. गल्ली ताटासारखी सपाट आहे, त्यामुळे गाडी जिथे सोडाल तिथेच थांबते.

ही रीत बसवली आमच्या ह्यांनी. हे म्हणजे सूर्यभान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म कालव्याच्या पाळ्या देण्यात गेला. कुणाच्या रानाला आधी पाणी, कुणाच्या मागून, कुणी रात्रीत दार उघडलं, हे सगळं ह्यांच्या हातात. निवृत्त झाल्यावर कालवा गेला, मग ह्यांनी गल्ली हातात घेतली. रोज सकाळी बनियनवर बाहेर उभे राहून "घ्या पुढं, घ्या, बास" एवढं म्हणायला मिळालं की ह्यांना चहा गोड लागतो. मी हसते, पण खोटं कशाला बोलू, रीत चांगली आहे. या रीतीमुळे आमच्या गल्लीत माणसं रोज एकमेकांची तोंडं बघतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या खोलीत मोनिका राहायला आली. पाथर्डीकडची मुलगी, एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. आमची दोन्ही मुलं पुण्याला. घरात आम्ही दोघं आणि टीव्ही, आणि तिघांत जास्त बोलणारा टीव्हीच. मोनिका आली आणि जिना वाजायला लागला. संध्याकाळी उठून खाली यायची, ओट्याला टेकून चहा प्यायची, सुई बघून गळाठणाऱ्या पैलवानांच्या गमती सांगायची. मला काकू म्हणायची आणि मी गोळी घ्यायला विसरले की रागवायचीसुद्धा. मला त्या पोरीची सवय लागली होती. सवय काय, जीवच लागला होता.

रात्रपाळीला जाताना रिक्षाची वाट बघत एकटीने उभं राहायला नको, म्हणून तिने भावाची जुनी गाडी आणली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, सारखा गिअर बदलणं नाही. पण ती बंद करताना दांडा 'पी'वर न्यावा लागतो, त्याशिवाय किल्लीच निघत नाही. आणि 'पी'वर नेला की चाकं जाम. मग सगळी गल्ली जरी मागे लागली तरी ती गाडी तसूभर हलत नाही.

हे आम्हाला पहिल्याच सकाळी कळलं. समोरचे रंगनाथ भावजी कोर्टात नोकरीला आहेत, त्यांना वेळेवर निघायचं होतं. त्यांनी खांदा लावला, ह्यांनी लावला, गिरणीवाल्या गोरक्षने लावला. हे आपले "जोर लावा, जोर लावा" करतायत आणि गाडी ढिम्म. शेवटी रंगनाथ भावजींचा इस्त्रीचा शर्ट बगलेत उसवला तेव्हा मी वरून मोनिकाला उठवून आणलं.

त्यानंतर रोजचंच झालं. मोनिका सकाळी सगळ्यांच्या शेवटी यायची, म्हणजे सगळ्यांच्या बाहेर उभी राहायची, बाटलीला बूच लावावं तशी. ती अंथरुणावर आडवी झाली की इकडे लोकांची निघायची वेळ. मी दार वाजवायची. ती केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले अशी खाली यायची, गाडी डीपीपाशी न्यायची, परत आणायची, वर जायची. डोळा लागतो न लागतो तोच दुसरा कुणीतरी हॉर्न द्यायचा. एकदा तर ती मध्येच जिन्याच्या पायरीवर बसून झोपून गेली. तिने मोठ्या रस्त्यावर गाडी लावून बघितली, तर आठवड्याच्या आत आरसा गेला आणि दारावर कुणाच्या तरी हातगाडीने लांबलचक रेघ ओढली.

आता मी काय म्हणते, तोडगा सोपा होता. तो तोडगा म्हणजे मी. रविवारी दुपारी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर मोनिका मला तिची गाडी शिकवत होती. ह्यांना ते माहीत होतं, आणि "मोकळ्या रस्त्यावर तं म्हैसबी सरळ चालती," असं म्हणून झालं होतं. आरटीओत मात्र मी पहिल्या फटक्यात पास झाले. तिथला साहेब म्हणाला, आजी, छान. मला आजी म्हणाला ते सोडलं तर दिवस चांगला गेला. तर मोनिकाने किल्ली माझ्याकडे ठेवायची, आणि ती झोपलेली असताना गाडी मी हलवायची, इतकं साधं होतं.

डीपीपाशी गल्लीची बैठक भरली तेव्हा मी तेच बोलले. मी बोलले आणि सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले, जणू मी नुसताच घसा साफ केला होता.

हे हसले. "हिच्या हातात किल्ली दिली तं गल्लीत एक भिंत उभी ऱ्हायची न्हाई."

सगळे हसले. रंगनाथ भावजी जास्तच हसले. मग ह्यांनी पाळीपत्रक वाचावं तशा आवाजात निकाल दिला. जी गाडी ढकलता येत नाही ती गल्लीत नको. मोनिकाने गाडी बाहेर कुठेतरी लावावी, नाहीतर महिनाअखेरीला दुसरी खोली बघावी. मोनिका मान खाली घालून म्हणाली, "बघते काका, दुसरी खोली." तिला वाद घालायचंही त्राण नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर माझ्याही नावावर, खोली आमची, भाडेकरू आमची, आणि निकाल गल्लीचा. घरी येऊन मी म्हटलं, "ती पोरगी गेली तर मला करमायचं नाही, एवढं लक्षात ठेवा." हे म्हणाले, "भाडेकरू काय, दुसरा मिळंल." मला दुसरा नको होता. पुढे कितीतरी दिवस मी ह्यांच्याशी "जेवायला वाढलंय" यापलीकडे बोलले नाही.

तशातच तुळशीचं लग्न झाल्यावर संगमनेरच्या पुढे अकोल्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या, साळूच्या, मुलीचा साखरपुडा निघाला. मी मोनिकालाही चल म्हटलं. जाणारच आहे खोली सोडून, तर निदान एक दिवस तरी बरोबर हिंडू. ती रात्रपाळी करून आली, तोंड धुतलं, साडी नेसली आणि निघाली. मी तिच्या गाडीत बसले. हे आपल्या गाडीत एकटे. "त्या खेळण्यात मी बसनार न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मी कुठे आग्रह केला होता.

साळूचं घर अकोल्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला. अंगणात मांडव, मांडवाच्या वर चढाची वाट, खाली उतरत गेलेली भाताची खाचरं. भात कापून झालं होतं, खाली पेंढ्याची मोठी गंजी रचलेली होती. ह्यांनी तिथेही गाड्या लावून घ्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांना ते सांगावं लागत नाही. मुलाकडच्यांची जीप कुठे, मामाची गाडी कुठे, सगळं हातवारे करून लावून दिलं आणि शेवटी वरच्या वाटेवर स्वतःची लावली.

विधी झाला, अंगठ्या घालून झाल्या. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून हे मुलाच्या काकांना गल्लीची गोष्ट सांगत बसले. मी पुरीचं ताट घेऊन तिथूनच चालले होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"शिस्त लागती, पाव्हनं. आमच्या गल्लीत आठ गाड्या हायेत, पन कदी भांडान न्हाई. न्यूट्रल म्हंजे न्यूट्रल. हँडब्रेकला हात लावायचा न्हाई."

पाहुणे ह्यांच्याकडे बघत नव्हते. ते ह्यांच्या खांद्यावरून वर बघत होते.

"दाजी," साळू मांडवाच्या दारातून म्हणाली, "तुमची गाडी कुठं चालली?"

इतक्या वर्षांची सवय. हाताने न्यूट्रल केलं होतं आणि हँडब्रेक तसाच सोडला होता. चाक एका ढेकळाला टेकलं म्हणून तास-दीड तास गाडी उभी राहिली. ते ढेकूळ फुटलं. गाडी सुरुवातीला अगदी मानाने निघाली, देवळात चाललेल्या बाईसारखी, ह्यांच्या पाठीमागून मांडवाला वळसा घालून. वाटेत माणूस काणूस कुणी नव्हतं हे आमचं नशीब. मग उताराला लागल्यावर तिने वेग घेतला. हे उठून मागे धावले. "आरं धरा, धरा तिला," म्हणत, जणू दावं तोडलेली गाय आहे. पहिल्या बांधावर गाडीने उडी मारली, ह्यांनीही मारली. गाडी पुढच्या दगडी बांधाला धडकून पेंढ्याच्या गंजीत शिरली. हे अलीकडेच पाय मुरगळून बसले.

ताट तिथेच टाकून मी खाली पळाले. हे शुद्धीवर आहेत, नुसता पाय धरून बसलेत, हे बघितल्यावर मला जे हसू आलं ते आवरेना. मी बांधावर बसून पदर तोंडात कोंबून हसले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाय चोळत राहिले.

पोरांनी नव्या कपड्यांनिशी गाडी मागे ओढली. पुढचा दिवा फुटला होता, रेडिएटरमधून पाणी गळत होतं. साळूचा मुलगा आदिनाथ म्हणाला, "मावशी, गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, उद्या गॅरेजला नेतो मी." ह्यांच्या पायाला मोनिकाने पट्टी बांधली. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता.

"आमी एष्टीनं जाऊ," हे म्हणाले.

"त्या पायाने स्टँडवर कोण चढवणार तुम्हाला?" मी विचारलं.

मोनिका म्हणाली, "मी नेते ना काका," आणि पुढचं वाक्य जांभईत गेलं. रात्रभर जागी, दिवसभर उभी. डोळे लाल झाले होते. मी तिच्या हातातून किल्ली घेतली. तिने दिली. ह्यांनी बघितलं. साळूही बघत होती, मुलाकडचेही बघत होते, त्यामुळे ह्यांना भिंतीचं काही बोलता आलं नाही.

हे मागच्या सीटवर पाय लांब करून, मोनिका माझ्या शेजारी, आणि मी स्टिअरिंगवर. रिकामा रस्ता नव्हता हा. संगमनेरपर्यंत मोनिका जागी राहून "काकू, हळू", "काकू, आता घ्या" असं सांगत होती. संगमनेर ओलांडलं आणि तिची मान एका बाजूला कलली. लोणीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, एकामागे दोन दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना चमकणारा पत्रा. माझे हात घामाने ओले झाले होते. मागून ह्यांचं सुरू होतं. मागून टेम्पो येतोय. पुढं गतिरोधक हाय. दाब, दाब. मी इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून हेच सगळं सांगत आले होते, आणि ते किती डोकं उठवतं ते मला त्या दिवशी कळलं.

"अहो," मी म्हटलं, "ती झोपलीय. बोलू नका."

हे गप्प झाले. कोल्हार गेलं, राहुरी गेली. बराच वेळ मागून आवाज नाही म्हणून मी आरशात बघितलं, मला वाटलं हेही झोपले. झोपले नव्हते. पुढच्या सीटवर मान टाकून पडलेल्या मोनिकाकडे बघत होते.

"लईच थकलीय गं ही," हे म्हणाले.

"रोजच थकते. तुम्ही आज बघितलंत."

विळदच्या आसपास ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "गल्लीत सांगनार का तू? गाडीचं?"

ह्याच संधीची मी वाट बघत होते असं तुम्हाला वाटेल, आणि मला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. सांगू नको म्हणता, मग मोनिकाला राहू द्या, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. पण आरशात ह्यांचा चेहरा दिसला. कालवा गेला तेव्हा होता तसा. मला ते जमेना.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही बघा."

दिवेलागणीला गल्लीत शिरलो. मी गाडी हळूच भिंतीशी घेतली, 'पी'वर नेली, आणि उतरून ह्यांना हात देऊन बाहेर काढलं. तेवढ्यात समोरून रंगनाथ भावजी किल्ली नाचवत आले. त्यांची गाडी आत होती. त्यांच्या मंडळी माहेराहून येऊन माळीवाडा स्टँडवर थांबल्या होत्या आणि तिथून फोनवर फोन करत होत्या.

"झालं का," ते म्हणाले, "आली परत बुचासारखी. उठवा तिला. आन् सूर्यभानराव, तुमची गाडी कुठंय? पायाला काय झालं?"

गिरणीतून गोरक्ष बाहेर आला होता. आणखी दोघं-तिघं कठड्यावर. आता हे सांगतील, पाय घसरला. गाडी साळूकडे ठेवली, लग्नाच्या कामाला लागते म्हणून. एवढं खपून गेलं असतं. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

"गाडी अकोल्याला हाय," हे म्हणाले. "न्यूट्रलला लावली हुती. उतारावर. ब्रेक न्हाई ओढला. गेली खाली गंजीत. मी मागं पळालो न् पडलो."

गोरक्षला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं.

"पार अकोल्याहून हिनं आनलं आमाला," हे म्हणाले. "उसाच्या ट्रॉल्यांतून. तवा आता ऐका रंगनाथराव. पोरीला उठवायचं न्हाई. आजबी न्हाई, उद्याबी न्हाई. किल्ली हिच्याकडं, बनूकडं ऱ्हाईल. ज्याला निघायचं त्यानं बनूला हाक मारायची."

"पन ठरलं हुतं ना, महिनाअखेर..."

"मीच ठरवलं हुतं. मीच मोडलं." एवढं बोलून हे एका पायावर लंगडत भिंतीशी सरकले आणि रंगनाथ भावजींना हाताने बाजूला केलं. "व्हा मागं. बनू, काढ गाडी."

मी परत आत बसले. हात पुन्हा ओले झाले होते, ट्रॉल्यांच्या वेळेपेक्षा जास्त. दांडा मागे घेतला. मोनिका तशीच पडलेली होती, मान खिडकीकडे, डोळे मिटलेले. त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे चाललं होतं.

"काकू," ती डोळे न उघडताच म्हणाली, "खरंच राहू मी?"

"राहा," मी म्हणाले. "आता गप्प पड. मला मागं बघू दे."